आधी पाणी, मंग सही

आमच्या विहिरीवरच्या मोटारीला वीज मिळायला अर्जापासून मोजले तर तीन वर्षं चार महिने लागले. या काळात मी जेवढ्या चुका केल्या, त्यातल्या निम्म्या तरी दुसऱ्या कोणी करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. गावात आता नव्या फिडरचं, म्हणजे वीजवाहिनीचं, काम निघालं आहे आणि दोघातिघांनी जोडणीबद्दल तेच ते प्रश्न विचारले. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

आमचं गाव यवतमाळ आणि वाशीमच्या शिवेवर. बाबांच्या नावावर साडेचार एकर वावर, खालच्या अंगाला काळी, वरच्या अंगाला मुरूम. मी अमरावतीत एका पतसंस्थेत कर्ज विभागात कारकून आहे, त्यामुळे घरातला कोणताही कागद शेवटी माझ्याच पिशवीत येतो. तालुक्याचं, कार्यालयाचं, ठेकेदाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कोणाशी भांडायचं नाही, आणि लाईन आली आहे.

२०१६ मध्ये रोजगार हमीतून सिंचन विहीर मंजूर झाली. पुढच्या उन्हाळ्यात बेचाळीस फुटांवर काम थांबवलं, पाणी चांगलं लागलं. पण विहीर म्हणजे ओलित नव्हे, हे त्याच रब्बीत कळलं. डिझेल इंजिन तासाला शंभर रुपये भाड्याने आणि वर डिझेल आपलं. हरबऱ्याला दोन पाणी द्यायचे तर घाटे धरायच्या आधीच बाबा हिशोबाला बसायचे.

१४ सप्टेंबर २०१७ ला कृषिपंपाच्या जोडणीचा अर्ज केला. ए-वन नमुना, सातबारा, आठ-अ, आधार आणि सहहिस्सेदारांचं संमतीपत्र. अर्ज तीन दिवसांत परत आला, आणि चूक आमचीच होती. विहीर वावरात होती, सातबाऱ्यावर नव्हती. बांधून झाल्यावर तलाठ्याकडे नोंद करून घ्यायची असते हे घरात कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती नोंद व्हायला चाळीस दिवस गेले. संमतीपत्रावर दोन्ही काकांच्या सह्या हव्या होत्या. धाकटे काका सुरतेला. स्टॅम्प पेपर कुरियरने गेला आणि दिवाळीचा फराळ घेऊन काका स्वतः आले, तेव्हा पेपरही आला. तुमच्या सातबाऱ्यावर एकापेक्षा जास्त नावं असतील तर विहीर खणायच्या आधीच संमतीपत्र करून ठेवा. पाणी लागल्यावर भावांची मनं बदलतात. आमच्याकडे नाही बदलली, पण शेजारी बदललेली पाहिली आहेत.

डिमांड, म्हणजे जोडणीसाठी भरायची रक्कम, निघाली ती सहा हजार तीनशेची. ८ जानेवारी २०१८ ला, सोमवारी, बाबांनी रोख भरली. खिडकीवरून मिळालेली पावती गुळगुळीत कागदाची होती. तसल्या कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात. ती संध्याकाळी घरी आली तेव्हाच मी दोन झेरॉक्स काढल्या. पुढे तीन वेळा पावती मागितली गेली. तिन्ही वेळा मूळ पावती हा नुसता पांढरा कागद होता आणि कामाला झेरॉक्स आली.

दुसरी चूक त्याच आठवड्यातली. डिमांड भरली म्हणजे महिना-दोन महिन्यांत लाईन येणार, या हिशोबाने बाबांनी पाच एचपीची मोनोब्लॉक मोटार साडेसतरा हजारांना आणून गोठ्यात ठेवली. पोत्याखाली झाकलेली ती मोटार तीन वर्षं बैलांच्या शेजारी राहिली. गॅरंटी एक वर्षाची होती. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, वावरात उभी दिसेपर्यंत मोटार, स्टार्टर, केबल काहीही घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो की भाव वाढणार आहेत.

ऑगस्ट २०१८ च्या सुमारास पेपरात उच्चदाब वितरण प्रणालीची बातमी आली, जिला सगळे एचव्हीडीएस म्हणतात. मार्च २०१८ पर्यंत पैसे भरून थांबलेल्या राज्यातल्या दोन लाखांवर शेतकऱ्यांना या पद्धतीने जोडणी मिळणार होती. पाच हजार कोटींच्या घरातलं काम. बाबांनी जानेवारीत पैसे भरले नसते, एप्रिलवर ढकलले असते, तर आम्ही त्या यादीत नसतो. यात हुशारी काही नव्हती. कापसाचे पैसे नेमके तेव्हा आले होते.

एचव्हीडीएस म्हणजे काय ते बाबांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या पांदणीच्या पलीकडे जुन्या पद्धतीची शंभर केव्हीएची एक डीपी आहे. तिच्यावर कागदोपत्री पंधरा मोटारी, तारेवर चोरून टाकलेले आकडे धरून किती ते देवालाच ठाऊक. शेवटच्या वावरापर्यंत चारशे चाळीस व्होल्टची लाईन जाता जाता मोटार नुसती घुरघुरते, पाणी फेकत नाही. आणि रब्बीत एकदा तरी ती डीपी जळतेच. मग वर्गणी, ट्रॅक्टर आणि आठ-दहा दिवस वाट.

नव्या पद्धतीत अकरा हजार व्होल्टची लाईनच थेट वावरात येते आणि तिथे दहा, सोळा किंवा पंचवीस केव्हीएची छोटी डीपी बसते, एका किंवा दोन शेतकऱ्यांपुरती. दाब पंचवीसपट वाढला की तेवढ्याच कामाला तारेतून करंट पंचवीसपट कमी जातो. तारेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने घटते, म्हणजे तीच तार आणि तोच भार धरला तर सहाशे पटींहून कमी. शिवाय अकरा हजारांच्या तारेवर आकडा टाकायची हिंमत कोणी करत नाही. बाबांना यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात आवडलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्व्हे झाला. दोन पोरं आली, एकाच्या हातात मोबाईल, दुसऱ्याच्या हातात चुन्याची पिशवी. लाईनचा रस्ता शेजारच्या काकाजींच्या धुऱ्यावरून जात होता. काकाजींचं म्हणणं साधं होतं. "खांब माह्या वावरात, पाणी तुह्या वावरात. मले काय भेटन?" बाबा चिडले. मी तेव्हा गावी नव्हते. आईने मध्यस्थी केली, आणि काकाजींच्या विहिरीसाठीही त्यांनी डिमांड भरलेली आहे हे तिला आठवलं. मग दोन्ही घरांना एकाच डीपीवरून जोडणी आणि खांब धुऱ्याच्या बरोब्बर मधोमध, असं ठरलं. सर्व्हेवाल्यांनी ते ऐकलं, कारण त्यांनाही एक डीपी कमी लागत होती. सर्व्हेच्या दिवशी घरातलं कोणीतरी वावरात हजर पाहिजेच. चुन्याची खूण एकदा पडली की ती हलवायला नंतर अर्ज, भेटी आणि चहा लागतात.

मे महिन्यात खांब आले. ट्रॅक्टर पांदणीतून आला आणि सात खांब आमच्या वावरात आडवे टाकून गेला. त्यातला एक उतरवतानाच मधून तडकला. पेरणीआधी उभे करतो म्हणाले. मृग गेला, आर्द्रा गेली. आम्ही खांबांच्या आजूबाजूने वखर फिरवला आणि खांब होते तेवढ्या तासांत, म्हणजे ओळींत, सोयाबीन नाहीच. पुढच्या वर्षी पऱ्हाटी लावली, तेव्हाही खांब तिथेच. दर दोन महिन्यांनी मी फोन करायची. उत्तर एकच, काम चालू आहे. खोटंही नसावं ते, कुठेतरी चालू असेलच.

मी या काळात एक सवय लावली, ती सांगते. फोन केला की त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, कोण बोललं आणि काय म्हणालं हे एका ओळीत लिहायचं. वसुलीच्या कामात आम्ही हेच करतो. पुढे कार्यालयात गेले तेव्हा ती वही टेबलावर ठेवली. तिथल्या बाबूंचा आवाज चढलाही नाही आणि उतरलाही नाही, पण त्यांनी फाईल काढली.

त्या फाईलवर मला पहिल्यांदा 'एडीबी' ही अक्षरं दिसली. मी विचारलं, हे काय? "बाहेरचं फंडिंग आहे मॅडम," एवढंच. घरी सांगितलं तर आईला वाटलं एखाद्या कंपनीचं नाव असेल. खांबांवर जसा शिक्का असतो, तसा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी गावीच अडकले. शेवटच्या आठवड्यातच मोबाईलवर बातमी वाचली. आशियाई विकास बँक, म्हणजेच ती फाईलवरची एडीबी, आणि भारत सरकार यांच्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण वीज वितरणासाठी ३४.६ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला होता. एचव्हीडीएसमधून शेतीला जोडण्या, ४६,८०० किलोमीटरची अकरा केव्ही लाईन, १२१ उपकेंद्रं. तेव्हा डॉलर पंचाहत्तरच्या आसपास होता, म्हणजे अडीच हजार कोटींच्या वर. वावरात पडलेले आमचे सात खांब या आकड्यात कुठे बसतात ते बघू म्हटलं. दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं, जिल्हाबंदी होती.

ही बँक १९६६ ची, मुख्यालय फिलिपाईन्सला मनिलात. भारत तिचा पहिल्यापासूनचा सभासद, पण तिच्याकडून कर्ज घ्यायला लागला १९८६ पासून. सगळ्यात मोठे भागधारक जपान आणि अमेरिका, प्रत्येकी साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास. आपला हिस्सा सहा टक्क्यांच्या वर. म्हणजे पतसंस्थाच म्हणा की, आपण सभासद आणि आपणच कर्जदार.

गावात कोणी म्हणतं परदेशाने फुकट दिलं, कोणी म्हणतं देश गहाण टाकला. दोन्ही नाही. खरं सवलतीचं कर्ज वेगळं असतं. जागतिक बँकेची आयडीए नावाची एक खिडकी आहे. तिथे व्याज नावापुरतं आणि फेड तीस-चाळीस वर्षांत. गरीब देशांना ती मिळते, नेपाळला अजून मिळते. आपल्याला वर्षानुवर्षं मिळाली, पण देशाचं दरडोई उत्पन्न वाढलं तसं २०१४ मध्ये आपण त्या यादीतून बाहेर आलो. आशियाई बँकेचंही तसंच, तिची सवलतीची खिडकी आपल्यासाठी नाही. आपल्याला मिळतं ते तिचं नेहमीचं कर्ज. त्याचा दर तेव्हा लंडनच्या बँका एकमेकींना ज्या दराने उसने देत त्या लायबोर दराला बांधलेला असायचा, वर अर्धा टक्का बँकेचा. लायबोर बंद झाल्यावर आता अमेरिकेतला दुसरा दर धरतात. मंजूर पण न उचललेल्या रकमेवरही वर्षाला ०.१५ टक्के शुल्क लागतं. सभासदाने मंजुरी घेऊन पैसे उचलले नाहीत तर आमच्या संस्थेत आम्ही नुसते चिडतो. मनिलावाले पैसे लावतात.

रुपयातल्या कर्जापेक्षा हे स्वस्त दिसतं, पण त्यात एक मेख आहे. फेड डॉलरमध्ये. २००५ नंतर केंद्र असं परदेशी कर्ज ज्या अटींवर घेतं त्याच अटींवर राज्याकडे सरकवतं. म्हणजे रुपया घसरला तर तो खड्डा राज्याने भरायचा. पुढे डॉलर पंच्याऐंशीच्याही वर गेला. पंचाहत्तरला उचललेला डॉलर नव्वदला फेडायची वेळ आली तर स्वस्त व्याजाचं कौतुक कितपत उरेल, हे आमच्या संस्थेतला शिपाईसुद्धा सांगेल. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या पैशातून धुळे जिल्ह्यात साक्रीला सौर प्रकल्प उभा राहिला, तिथेही प्रश्न चलनाचाच, डॉलरच्या जागी युरो एवढंच. पण फक्त चलनावर बोट ठेवून मोकळं होता येत नाही. रुपयात महाग कर्ज काढून हेच काम केलं असतं, तर ते झालं तरी असतं का?

मला खरं उपयोगी पडलं ते मात्र वेगळंच. हे कर्ज निकालावर आधारित होतं, भारताच्या ऊर्जा क्षेत्रात या बँकेचं तसलं पहिलंच. साध्या भाषेत सांगायचं तर आमच्याकडे घरबांधणीचं कर्ज देतो तसं. पाया झाला की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, आणि प्रत्येक वेळी आमचा माणूस जाऊन बघून येतो. सिमेंटची बिलं आणून दाखवली म्हणून हप्ता सुटत नाही. इथेही ठरवलेली कामं खरोखर झाली का, हे तिसरी स्वतंत्र संस्था तपासते आणि त्यावर पैसे सुटतात. हे कागद बँकेच्या संकेतस्थळावर उघडे असतात, इंग्रजीत, कंटाळवाणे, पण उघडे. वाचताना मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. या साखळीच्या अगदी शेवटी कुठेतरी 'हो, माझी मोटार चालू झाली' असं म्हणणारा शेतकरी आहे. त्याचं म्हणणं फुकट द्यायचं नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये माणसं परत आली. पऱ्हाटीत बोंडं फुटलेली. खड्डे खणताना पऱ्हाटीच्या चार ओळी आडव्या झाल्या, त्याची भरपाई वगैरे काही नाही, आईने नुसता कापूस वेचून घेतला. दिवाळीनंतर तारा ओढल्या. १२ डिसेंबरला डीपी चढली, दोन खांबांच्या मध्ये, नवी करकरीत. बाबांनी नारळ फोडला. मी फोनवर म्हटलं, अजून चार्ज झालेली नाही, तिच्यात वीज सोडलेली नाही, नारळ वाया गेला.

१९ डिसेंबर, शनिवार. मी अमरावतीत, आमचा अर्ध्या दिवसाचा वार. दुपारी आईचा फोन. ठेकेदाराचा माणूस आला होता, बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं, दुसऱ्या जिल्ह्यातलं. बाबा बाजाराला गेलेले. त्याच्याकडे छापील कागद आणि शाईचा पॅड. आई सातवी शिकलेली आहे. तिने अंगठा नको म्हटलं, चष्मा मागवला आणि फोन स्पीकरवर ठेवून मला कागद वाचून दाखवला. एकेक शब्द सुटा करून. जोडणीचे काम पूर्ण झाले असून विद्युत पुरवठा सुरू आहे. माझी कोणतीही तक्रार नाही.

"सुरू हाय म्हणते, पोरी. कुठी हाय सुरू?"

पोरगा म्हणाला, "मावशी, फॉर्म्यालिटी आहे. सगळ्यांनी केल्या. तुमच्या एकट्यासाठी मला परत यावं लागेल."

"मंग ये ना बाप्पा. चहा करीन." मग थोडं थांबून, "तू सही घेऊन जाशीन, अन मी डीपीची पूजा करत बसू काय? आधी पाणी, मंग सही."

मी त्याच्याशी बोलले. त्याचाही दोष नव्हता. वरून त्याला रोजचा आकडा होता, इतक्या सह्या आणल्या तर इतके पैसे. मी म्हटलं, दादा, कागदावर हवं तर असं लिहून सही देते, खांब उभे, डीपी बसवली, चार्ज केलेली नाही, आजची तारीख. तो म्हणाला तसला कागद चालत नाही. गाडीला किक मारून गेला. आईने कागदाचा फोटो आधीच काढून घेतला होता. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे घरात वातावरण चांगलं नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. काकाजींनी सही दिली होती. बाबांना वाटायचं, आता आपल्यालाच गाळणार. "तुह्या हेक्यापायी लाईन गेली तं?" असं ते आईला दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी फोनवरच होते, आणि मलाही आतून तेच वाटत होतं. हरबरा फुलावर होता. एक पाणी डिझेलवर देऊन झालं होतं, दुसऱ्याचे पैसे नव्हते. एका रात्री मी आईला फोन करून म्हणणारच होते, जाऊ दे, देऊन टाक सही. म्हणायचं राहिलं, कारण तिने फोन उचलला नाही. ती वावरात राखणीला होती, रानडुकरं पडली होती.

टपालाने आणि हाताने असा दोन्हीकडून मी कार्यालयात एक अर्ज दिला. त्यात तक्रारीचा सूर ठेवला नाही. ग्राहकाचं नाव, गट नंबर, डिमांड भरल्याची तारीख, डीपी बसवल्याची तारीख, डीपीच्या पाटीवरचा नंबर आणि 'पुरवठा सुरू झालेला नाही' एवढंच. पोच घेतली. सोबत परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा टेस्ट रिपोर्ट जोडला. तो नसेल तर वावरातली बाजू तयार नाही म्हणून गाडी तुमच्यावरच अडते. त्याचे पंधराशे रुपये गेले.

११ जानेवारी २०२१, सोमवारी सकाळी लाईनमन आला. मी रजा टाकून रविवारीच गावी पोचले होते. डीपी चार्ज झाली, बारीक गुणगुण ऐकू आली. फुटबॉलमध्ये, म्हणजे पाईपाच्या तळाच्या झडपेत, पाणी भरलेलं. बाबांनी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटार फिरली, आवाज व्यवस्थित, आणि पाईपातून पाणी मात्र थुंकल्यासारखं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बाबांचा चेहरा मी आता वर्णन करत नाही. तीन वर्षं गोठ्यात पडलेली मोटार गेली, असंच सगळ्यांच्या मनात.

लाईनमन विहिरीच्या काठावर उकिडवा बसला आणि मोटारीच्या मागचा पंखा बघू लागला. मग मोटारीच्या अंगावर ओतीव बाणाची खूण असते तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, "उलटी फिरून राह्यली ना." तीन फेजपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या, तीन मिनिटांचं काम. बटण दाबलं आणि पाण्याचा लोट असा आला की पाईपाचं तोंड धरून बसलेला चुलतभाऊ मागे सरीत पडला. पहिल्यांदा मोटार सुरू करताना पाणी कमी आलं तर घाबरू नका, आधी पंखा कोणत्या दिशेने फिरतो ते बघा.

आईने पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, "आता सही कुठी करू?" सही घेणारं पोरगं त्या दिवशी आलंच नव्हतं. ते आलं चार दिवसांनी, चहा प्यालं, सही घेऊन गेलं. तारीख आईने स्वतः घातली.

खर्च एकदा सांगून टाकते. कागदपत्रं, स्टॅम्प, येणं-जाणं धरून चौदाशे, डिमांड सहा हजार तीनशे, टेस्ट रिपोर्ट पंधराशे, स्टार्टर, पेटी, केबल आणि कॅपॅसिटर नऊ हजार आठशे. एकूण एकोणीस हजार, मोटार वेगळी. कॅपॅसिटर बसवाच, लोक पैसे वाचवायला तो गाळतात आणि मग मोटार तापते म्हणतात. खांब, तार, डीपी यांचा एक पैसाही शेतकऱ्याकडून घ्यायचा नव्हता. ट्रॅक्टरचं डिझेल, मजुरांचं जेवण म्हणून मागणारे भेटतात. जेवण आम्ही दिलं, ते पाहुणे म्हणून.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर दोघं जण टॅबलेट घेऊन आले. ना वीज कंपनीचे, ना ठेकेदाराचे. डीपीचा, मोटारीचा, बाबांचा फोटो काढला, जागेची नोंद घेतली, वीज किती तास येते, कोणत्या तारखेला सुरू झाली हे विचारलं. बाबांनी सांगितलं. काकाजींनाही विचारलं. त्यांनी दिलेल्या कागदावरची तारीख आणि त्यांची मोटार खरोखर फिरली ती तारीख यांत तीन आठवड्यांचं अंतर होतं. काकाजी खरं बोलले की कागदाप्रमाणे, ते मी विचारलं नाही.

डीपी आजपर्यंत एकदाच गेली, २०२२ च्या वळवाच्या वादळात. पाटीवरचा नंबर वहीत होता म्हणून बदली डीपी लवकर मिळाली. नंबराचा रंग उन्हाने उडतो, तेव्हा फोटो काढून ठेवा. वीज येते ती एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. ते दुखणं एचव्हीडीएसने गेलं नाही. रात्री दोनला बॅटरी घेऊन दांड धरायला बाबाच जातात.

आता लोक विचारतात, मनिलाचं कर्ज आपल्या बिलात येतं का. जाळ्यावर केलेल्या खर्चाचं व्याज आणि घसारा वीज नियामक आयोग दर ठरवताना धरतो, म्हणजे थोडं थोडं सगळ्याच ग्राहकांच्या बिलात येतं, अमरावतीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या बिलातसुद्धा. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारने वीज मोफत केली. बाबांचं बिल शून्य येतं. मी त्यांना म्हटलं, तुमची डीपी मीच फेडते आहे. ते म्हणाले, मग हरबरा घेऊन जात जा.

आता नव्याने अर्ज करणाऱ्यांना बहुतेक सौर पंपच सांगतात, शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. त्याची प्रक्रिया वेगळी आहे आणि मी ती केलेली नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. पण काम पूर्ण झाल्याचा कागद तिथेही असतो, असं मावसभाऊ सांगत होता. मी त्याला आईचा नंबर दिला आहे.

तडकलेला सातवा खांब कोणी नेला नाही. मी दोनदा लेखी कळवलं. तो अजून धुऱ्यावर आडवा आहे. मोटार चालू करून बांध फुटतो का बघत आई त्याच्यावरच बसते.